हवालदार, तलाठी आणि जावई

आमच्या घरमालकांच्या फाटकाला तीन कुलपं होती आणि तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. एकाच कंपनीची तीन कुलपं म्हणजे एकच कुलूप, असं त्यांचं म्हणणं. ज्याला एक उघडता आलं त्याला तिन्ही उघडता येणार. किल्ल्यासुद्धा ते एकत्र ठेवत नसत. एक त्यांच्या करदोट्याला, एक काकूंच्या पदराला आणि तिसरी अशा एखाद्या जागी, जी चोराला तर नाहीच, पण त्यांना स्वतःलाही सापडत नसे. त्यामुळे अधूनमधून साठी उलटलेला हा माणूस भाजीची पिशवी आधी आत टाकून मग स्वतःच्याच फाटकावर चढताना दिसायचा. रस्त्यावरचं कोणी हसलं की ते वर बसूनच सांगत, "बघितलं ना? मालकाला आत जाता येईना, चोर काय जाईल?"

वडिलांची बदली जालन्याला झाली आणि आम्ही या काकांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, कॉम्प्युटर सायन्सला. शाळा इंग्रजी माध्यमाची, बोलणं मुळातच कमी, त्यात जालन्याचं मराठी कानाला नवं. कोणी काही विचारलं की मी 'हो' किंवा 'बघते' म्हणायचे. या दोन शब्दांवर माझं बरेच महिने नीट चाललं. काकांना माझ्यासारखं ऐकणारं माणूस याआधी कधी मिळालं नसावं. मी कॉलेजातून आले की ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेले असत आणि मला वर जायला जागा उरत नसे.

काका एका बियाणे कंपनीत तपासनीस होते. कंपनी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या वावरात बियाण्यासाठी प्लॉट लावायची. अशा प्लॉटमध्ये दुसऱ्या वाणाचं एकही झाड राहून चालत नाही, म्हणून कोणीतरी ओळीओळीतून फिरून वेगळं दिसेल ते झाड उपटावं लागतं. त्या वेगळ्या झाडाला भेसळ म्हणतात. वाटूरपासून कुंभार पिंपळगावपर्यंतच्या पट्ट्यात काकांनी अख्खी नोकरी भेसळ उपटण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर प्लॉट सुटले, उपटणं सुटलं नाही.

आईने गच्चीत गुलबक्षी लावली होती. गुलाबी फुलांच्या रांगेत एक पिवळी निघाली, आणि आईला तिचंच जास्त कौतुक होतं. एका सकाळी कपडे वाळत घालायला गेली तर पिवळी जागेवर नाही. खाली काका नळावर हात धूत होते.

"बाई, भेसळ होती ती. काढली मी," ते म्हणाले. आईनेच त्यांना त्या कामाला बोलावलं असावं असा सूर होता.

पोह्यांची बशी समोर आली की ते आधी शेंगदाणे निवडून कडेला लावत, त्यातला खवट कोणता असेल याचा अंदाज घेत आणि मग गार झालेले पोहे खात. लग्नात हातात अक्षता आल्या की मंगलाष्टकं संपेपर्यंत तुटके तांदूळ निवडत बसत. टाकायची वेळ येई तेव्हा मुठीत चार-पाच दाणेच उरलेले असत, पण ते एकदम बराबर.

त्यांची एक गोष्ट मी जिन्यावर किती वेळा ऐकली असेल, सांगता येणार नाही. ती वाटूरच्या प्लॉटची.

"संकरित ज्वारी होती माय," ते सुरू करत. "त्याच्यात नराच्या ओळी अलग, मादीच्या अलग. नर न्हाई तर मादीच्या कणसात दाणा न्हाई. मी काय केलं, नराच्या ओळीला लाल चिंध्या बांधून ठेवल्या. का? तर कोणी हात लावू न्हाई. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आल्ता. त्याच्याकडं लाल चिंधी म्हंजे भेसळ. त्यानं बाया लावल्या अन् चिंधीवाल्या ओळी बिलकुल साफ. तिसऱ्या दिवशी आमचा हेडऑफिसचा साहेब. त्याला वाटलं, अर्धं वावर उपटलेलं हाये म्हंजे अर्धं उपटायचं राह्यलं. त्यानं ते बी उपटलं. शेतकरी बिचारा लेकीच्या गावाला गेल्ता. वापस येऊन बांधावर उभा राह्यला, अन् मला काय म्हणतो?"

मला ते पाठ होतं. तरी मी मान हलवून 'काय' असं विचारल्यासारखं करायचे.

"म्हणतो, साहेब, यंदा रोग न्हाई पडला, कीड न्हाई पडली. तपासणारे पडले."

आणि काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. नुकसान कंपनीने भरून दिलं होतं, त्यामुळे हसायला हरकत नव्हती. हसून झालं की डोळे पुसून तात्पर्य सांगत. "म्हणून सांगतो, एकट्याच्या भरवशावर राहू न्हाई. तपासायला तिघं पाह्यजेत." ही गोष्ट नेमकं याच्या उलट सांगते, असं मला दर वेळी वाटे. मी 'हो' म्हणून वर जात असे.

काकांचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणत, नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना त्याने वडिलांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि इंटरनेट जोडून दिलं. कॉम्प्युटर बसवायला आलेला दुकानदार चप्पल घालता घालता म्हणाला, "काका, बाकी काही न्हाई, व्हायरसपासून तेवढं सांभाळा." हे वाक्य त्याने भलत्याच माणसाला ऐकवलं.

व्हायरस पकडणारे प्रोग्रॅम दोन जातींचे असतात. काही आपण सांगितल्यावर उठून तपासतात आणि परत झोपतात. दुसरे सतत जागे असतात. आत येणारी, बाहेर जाणारी, उघडणारी, मिटणारी प्रत्येक फाइल थांबवून तिचं तोंड बघतात. असा जागता पहारेकरी घरच्या कॉम्प्युटरवर एक असतो. काकांनी तीन ठेवले, आणि अर्थातच तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. त्यांची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी स्वभाव बघून बारशी केली.

पहिला हवालदार. हा दुकानदाराने बसवला होता. काही सापडलं की भोंगा वाजवून लाल चौकट दाखवायचा. काही सापडलं नाही तर भोंगा न वाजवता 'सर्व काही ठीक आहे' असं इतक्या वेळा सांगायचा की काळजी वाटावी. काकांचा हा सगळ्यात लाडका. "आवाज पाह्यजे," ते म्हणत. "आवाजानं अर्धे चोर पळतात."

दुसरा जावई. हा एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून घरात शिरला. सुरुवातीचा महिना फुकट. महिना संपल्यावर रोज सकाळी समोर येऊन उभा राहायचा आणि मानपानाचं काय ठरलं, असं विचारायचा. पैसे भरले नाहीत म्हणून नवीन व्हायरसांची माहिती घ्यायचा नाही, धड काम करायचा नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दारात अडवण्याचा हक्कही सोडायचा नाही.

तिसरा तलाठी. हा दादाने सांगितला म्हणून घेतलेला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं एक बारीकसं चित्र असायचं, एवढाच त्याचा पुरावा. भोंगा नाही, चौकट नाही, मागणं नाही. "हाये म्हणतात, दिसत कोणालाच न्हाई," म्हणून तलाठी. काकांना त्याचा भरवसा नव्हता. "काम करून राह्यला का झोपून राह्यला, काही कळायला मार्ग न्हाई," असं म्हणून ते एकदा माझ्याकडे वळले. "ह्या पोरीसारखाच हाये."

मी 'हो' म्हणाले.

याशिवाय जांब समर्थहून आणलेला एक काळा दोरा मॉनिटरच्या वायरीला बांधलेला होता. चौघांत तोच काय तो बाकीच्यांच्या आड येत नसे.

सकाळी बटण दाबून काका अंघोळीला जात. अंघोळ होई, पूजा होई, दोन वर्तमानपत्रं वाचून होत, तरी पडद्यावर निळं आकाश आणि वाळूचं घड्याळ. तिघंही उठल्या उठल्या एकमेकांना ओलांडून सगळं घर तपासायला निघालेले असत. काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "माझी तुरीची डाळ शिजती, पण ह्यांचा कॉम्प्युटर शिजत न्हाई." शिजला की काका दादाची मेल बघत, आणि लगेच बंद. बंद करण्याचाही एक विधी होता. आधी इंटरनेटची वायर काढायची, मग कॉम्प्युटर, मग भिंतीवरचं बटण, मग पिन ओढून बाहेर. पाणी प्यायला उठायचं असलं तरी वायर काढून उठत. शेवटी मॉनिटरवर काकूंनी जुन्या पातळाची शिवलेली छोटी गोधडी घालायची. लाइट गेली आणि कॉम्प्युटरला थोडा वेळ तगवणाऱ्या बॅटरीच्या डब्याने पहिली शिटी मारली की ते जेवणाच्या ताटावरून उठत. दुसरी शिटी त्या डब्याने आमच्या काळात कधी वाजवल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या सत्रात आम्हाला कॉलेजात हा विषय आला. मी दोन दिवस मनात वाक्य जुळवलं आणि जिन्यावर बोलून टाकलं.

"काका, जागता प्रोग्रॅम एकच ठेवावा. दोन-तीन असले की ते एकमेकांनाच अडवतात."

"एकच?"

"हो."

"अन् तो झोपला तर?"

"झोपत नाही, काका."

"नोकरीत मी कैक राखणदार बघितले," काका म्हणाले. "न झोपणारा अजून भेटायचाय. फाटकाला एक कुलूप पुरतं का?"

पुरतं, असं मला म्हणायचं होतं. मी "बघते" म्हणाले.

काकूंना कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं. दादाला मुलगी होईपर्यंत. मग मात्र त्या दिवसातून चारदा टेबलाजवळ येऊन "आली का काही बातमी त्याच्यातून?" असं विचारू लागल्या. नातीचा पहिला फोटो मेलमधून आला. काका मोठ्याने म्हणाले, "आली, आली. या जल्दी." काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या, आणि भोंगा वाजला. हवालदाराने फोटोची फाइल संशयावरून पकडून कोठडीत टाकली होती. कोठडी हा काकांचाच शब्द. पकडलेल्या फाइली प्रोग्रॅम जिथे डांबून ठेवतात ती जागा.

"सोडा की मंग तिला," काकू म्हणाल्या.

"असं कसं सोडता येईल? चौकशी न्हाई, काही न्हाई."

"चौकशी? माझ्या नातीची?"

"नातीची न्हाई. फाइलीची."

काकूंनी हात धुतले आणि पुढचे दोन दिवस काकांशी बोलायचं ते आमच्या आईमार्फत. फोटो सोडवायला मी खाली जाईपर्यंत जावयाने कोठडीच साफ करून टाकली होती. दादाने पुन्हा फोटो पाठवला, त्याचंही तेच झालं. शेवटी दादा फोनवर म्हणाला, "आई, राहू दे फोटो. बारशाला तुला पोरगी लाइव्हच दाखवतो, कॅमेऱ्यावर. ताईने तिकडूनच नाव ठेवायचं." मुलाचं नाव आत्याने त्याच्या कानात सांगायचं असतं, आणि या मुलीला आत्या एकच, अंबडला दिलेली काकांची मुलगी. ती काय नाव ठेवणार हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. काकांना ही गुप्तता फार आवडली. "मेलमधी तर बिलकुल टाकू नको," त्यांनी तिला बजावलं.

बारशाच्या दिवशी दुपारी आईने मला खाली ढकललं. "जा, काही लागलं तर बघशील." मी दारात उभी राहिले आणि आधी वाटलं की बारसं इथेच आहे. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली रांगोळी होती, मॉनिटरला झेंडूची माळ होती, आणि काकूंनी ठेवणीतलं पातळ नेसून पडद्याच्या वरच्या कडेला हळदकुंकू लावलं होतं. ताई अंबडहून घुगऱ्यांचा डबा घेऊन आली होती. तिकडे संध्याकाळ झाली होती, पाळणा सजला होता, पाहुणे जमले होते. इकडे चारला लाइट जाणार होती, ती रोजच जायची.

आणि काका घामाघूम होऊन पडद्यासमोर बसले होते. लेकरासमोर यायचं तर कॉम्प्युटर आतून स्वच्छ पाहिजे, असं त्यांनी सकाळी ठरवलं होतं. घरी पाहुणे येणार म्हणून आपण माळे झाडायला काढतो, तसं त्यांनी तिघांनाही एकाच वेळी पूर्ण तपासणीला लावलं होतं. आता पाहुणे दारात होते आणि झाडझूड घरभर पसरलेली होती. माउसचा बाण पडद्यावर चिखलातून चालल्यासारखा सरकत होता.

फोन वाजला. दादा. "बाबा, या ना ऑनलाइन. पोरगी झोपायला आलीय."

"येऊन राह्यलो," काका म्हणाले. "तपासणी चालू हाये."

"कसली तपासणी?"

"तू ठेव फोन."

त्यांनी कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम उघडला. भोंगा वाजला. हवालदाराने कॅमेऱ्याला कोठडीत टाकलं. इतक्यात दुसरी चौकट आली. जावयाने हवालदारालाच पकडलं होतं. यात जावयाचा दोष म्हणावा तर तसाही नव्हता. पकडायचं कोणाला हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या पोटात हजारो व्हायरसांची वर्णनं भरलेली असतात. दुसऱ्याने त्या पोटात डोकावलं की त्याला वाटतं, सगळी टोळीच इथे लपली आहे. हवालदार भोंगा वाजवत जावयाची फाइल ओढू लागला, जावई हवालदाराची. पडद्यावर एकावर एक चौकटी चढत गेल्या आणि बाण जागच्या जागी थांबला.

"व्हायरस आला," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मोठा आला. नेमका आजच्या दिवशी."

काकू निरंजन हातात धरून मॉनिटरच्या बाजूला उभ्या होत्या. ओवाळायला कोणी नव्हतं आणि निरंजन खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. ताई म्हणाली, "आई, फोनवर सांगते नाव. फोटो नंतर येईल." काकू नुसत्या "हं" म्हणाल्या. ते 'हं' माझ्या 'बघते'सारखं होतं, त्यामुळे त्याचा अर्थ मला बरोबर कळला.

"काका," मी म्हणाले. "व्हायरस नाही आला."

"मंग हे काय हाये?"

मला कॉलेजातलं सगळं समजावून सांगायचं होतं, पण तेवढं मराठी माझ्याजवळ नव्हतं आणि तेवढा वेळही नव्हता. माझ्याजवळ होती ती त्यांचीच गोष्ट.

"वाटूरचा प्लॉट," मी म्हणाले.

"काय?"

"रोग नाही पडला. कीड नाही पडली."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. हवालदाराची चौकट, तिच्यावर जावयाची चौकट, त्यावर परत हवालदाराची. बांधावर उभं राहून उपटलेलं वावर बघावं तसं त्यांनी ते सगळं डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत बघितलं.

"तपासणारे पडले," ते हळूच म्हणाले.

ताईला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

"म्हंजे काढायचे?" काकांनी मला विचारलं. "तिन्ही?"

"एक ठेवायचा."

"कोणता?" आणि तेवढ्या घाईतही त्यांनी तिघांची तुलना सुरू केली. हवालदाराने आजवर किती धरले, जावई कसा नावाजलेल्या कंपनीचा, कोणाची चौकट किती मोठी. घड्याळ तीनच्या पुढे गेलं होतं. काकूंनी निरंजन टेबलावर ठेवलं.

"त्यात काय इचार करायचाय," त्या म्हणाल्या. "जो गप ऱ्हाऊन काम करतो तो ठेवा. बोलणारे जाऊ द्या सगळे."

काका काही म्हणणार होते, पण काकूंनी 'सगळे' या शब्दावर त्यांच्याकडे बघितलं होतं. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बस माय. तू कर."

त्या खुर्चीत त्यांच्याशिवाय कोणी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि परत लावला. हवालदार पहिला काढला. तो जाताना भोंगा वाजवून गेला. जावई सहज निघेना. खरंच काढणार का, असं त्याने विचारलं. मग पुन्हा विचार करा म्हणाला. मग मानपान निम्म्यावर आणतो म्हणाला. मग का काढता त्याचं कारण विचारलं.

"घरात लेकरू आलंय, जागा न्हाई म्हणावं," काकू म्हणाल्या.

त्यानंतर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागला. काका सवयीने टॉवेल घेऊन अंघोळीच्या बाजूला दोन पावलं चालले, आणि थांबले. पडदा उजळला होता. निळं आकाश, कोपऱ्यात तलाठी, बस. काकांनी वाकून वाळूचं घड्याळ शोधलं. ते नव्हतं. मी कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम परत बसवला. तलाठ्याने त्याच्याकडे एकदा बघितलं असावं आणि जाऊ दिलं. आम्हाला काही कळवलं नाही.

आधी आवाज आला, मग चौकोनी ठिपके, मग दादाचं नाक, आणि दादा बाजूला सरकल्यावर पाळण्यात ती.

काकू निरंजन उचलून इतक्या पुढे गेल्या की त्याच्या आचेने माळेतला एक झेंडू काळा पडला. मग म्हणाल्या, "कानावर केस हायेत. ताईला असेच होते." काका मागून, हात पाठीशी बांधून, प्लॉट बघायला उभे राहत तसे उभे होते. डोकं, कपाळ, बोटं, सगळं ओळीने बघून झाल्यावर त्यांनी निकाल दिला.

"वाण चांगलं हाये."

काकूंनी पडद्याला ओवाळलं. तिकडे दादाने हेडफोन मुलीच्या कानाशी धरला. इकडे ताईने माइक तोंडाजवळ घेतला आणि तळहाताचा आडोसा केला, जसं प्रत्यक्ष कानात सांगावं तसं. "गौतमी," ती म्हणाली. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी गुद्दे घालायचे असतात, त्यासाठी काकूंनी आईला वरून हाक मारून आणलं होतं आणि मलाही पुढे ओढलं. आम्ही तिघींनी ताईच्या पाठीत गुद्दे घातले. आई आणि काकू 'कुर्रर्र' म्हणाल्या. मीही म्हणाले. मला वाटतं त्या घरातला माझा सगळ्यात मोठा आवाज तोच.

नाव समुद्रापलीकडे पोचायला थोडा वेळ लागला. आम्ही सगळे गुद्दे थांबवून वाट बघत होतो. मग मुलीने भुवया उंचावल्या, तोंड वेडंवाकडं केलं आणि एक भलीमोठी जांभई दिली. जांभई संपून डोळे मिटायला लागले, आणि चित्र तसंच राहिलं.

आम्हाला वाटलं ती फारच शांत पोर आहे. मग दादाचा फोन आला. "बाबा, तुम्ही दिसेनासे झालात."

"हँग झाला," काका म्हणाले आणि सवयीने इंटरनेटच्या वायरीकडे हात नेला. मीही माउसकडे हात नेला. बंद करून परत लावला असता तर कदाचित पुन्हा जोडलं गेलं असतं.

"राहू द्या," काकू म्हणाल्या.

"अगं, हँग झालाय तो. हलणार न्हाई आता."

"मला कुठं हलवायचाय? ऱ्हाऊ द्या म्हणते ना."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि पडद्यासमोर बसल्या. काकांनी वायरीवरचा हात काढला. ताईने घुगऱ्या वाटल्या. काका आपली वाटी घेऊन काकूंच्या शेजारी बसले आणि काहीही न निवडता खाऊ लागले. डोळे मिटत आलेली ती मुलगी आणि समोर दोघं, असं ते बराच वेळ चाललं होतं.

चारला लाइट गेली. पंखा थांबला, खोलीत अंधारलं, फक्त पडदा उजळ राहिला आणि बॅटरीच्या डब्याने पहिली शिटी मारली. मी काकांकडे बघितलं. आईनेही बघितलं. काका जागचे उठले नाहीत. दुसरी शिटी झाली. तिसरी झाली. डबा कळवळून शिट्या मारत होता आणि हा माणूस, ज्याने आयुष्यात कुठलंही यंत्र त्याच्या अखेरच्या श्वासापर्यंत जाऊ दिलं नव्हतं, वाटी मांडीवर ठेवून बसून राहिला होता.

मग टक् असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला.

"झोपली," काकू म्हणाल्या.

ताईने घुगऱ्यांच्या डब्याचं झाकण आवाज न करता लावलं. काका उठले, चवड्यांवर चालत जाऊन खिडकीतली गोधडी घेऊन आले आणि मॉनिटरवर घातली. रोज ती ते चारी बाजूंनी खाली ओढून गच्च बसवत. त्या दिवशी त्यांनी ती लेकराला पांघरावी तशी खालून निम्म्यापर्यंतच ओढली, वरचा भाग उघडा ठेवला, आणि फाटक बघायला गेले.